मताचा हक्कच नसलेल्या बाईला राजकारणी म्हणायचं का? (गर्ट्रूड कुर्त्स)

शेवंती

नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी धागा काढतेय, लांबलाय, पण शेवटपर्यंत वाचा आणि मत नक्की द्या, मला खरंच गरज आहे.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. मागच्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला स्वित्झर्लंडला गेले होते, बर्नच्या जवळ, तीन महिने (व्हिसा तेवढाच मिळतो). तिच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, नव्वदीला टेकलेल्या. मला जर्मन येत नाही, त्यांना इंग्रजी मोडकंतोडकं येतं, तरी आमचं मस्त जमलं. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, मी देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं तेव्हा पस्तीस वर्षांची होते आणि मला तीन मुलं होती. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. माझी आई चौथी शिकलेली, सातारा तालुक्यातली, तिने १९५२ ला मत दिलं होतं. स्विस बायकांना देशपातळीवर हा हक्क मिळाला ७ फेब्रुवारी १९७१ ला. मी मुलांना जगभरच्या राज्यघटना शिकवल्या आणि हे मला माहीत नव्हतं.

त्याच आजींकडून ‘मुटर कुर्त्स’, म्हणजे कुर्त्स आई, हे नाव कळलं. मग मी झपाटल्यासारखी वाचत गेले. गर्ट्रूड कुर्त्स, जन्म १५ मार्च १८९० चा, अपेन्झेल आउसररोडन नावाच्या छोट्याशा कँटनमध्ये (म्हणजे आपल्या राज्यासारखा तिथला भाग) लुट्झेनबर्ग गावात. वडील कापड कारखानदार. १९१२ ला लग्न, नवरा शिक्षक, बर्नला संसार, तीन मुलं. अठ्ठेचाळीस वर्षांची होईपर्यंत चारचौघींसारखी गृहिणी म्हणा ना. १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंची दुकानं, प्रार्थनास्थळं जाळली गेली, लोक जीव मुठीत धरून सीमा ओलांडायला लागले. त्या डिसेंबरात या बाईंनी बर्नमध्ये निर्वासितांसाठी नाताळचा कार्यक्रम केला आणि तिथून मग मागे वळून पाहिलं नाही. कपडे, खोली, कागदपत्रं, चिठ्ठ्याचपाट्या, सगळं.

आता मुख्य प्रसंग. १३ ऑगस्ट १९४२ ला स्विस पोलीस खात्याने हुकूम काढला की सीमेवर बेकायदा आलेल्यांना परत पाठवा, आणि फक्त वंशामुळे पळून आलेले, म्हणजे ज्यू, हे राजकीय निर्वासित धरायचे नाहीत. फ्रान्समधून तेव्हा गाड्या भरभरून माणसं पूर्वेला नेत होते. या खात्याचे मंत्री एडुआर्ड फॉन श्टायगर सुट्टीवर होते, जिनिव्हा सरोवराच्या वर मों पेलरां नावाच्या डोंगरावर. २३ ऑगस्टला, रविवारी, कुर्त्सबाई आणि बाझलचे एक बँकर, पॉल ड्रायफस, सरळ त्या डोंगरावर मंत्र्यांच्या समोर जाऊन बसले. बाईंनी त्यांना काय चाललंय ते माणसांच्या गोष्टींतून सांगितलं. आणि दगडाला पाझर फुटला हो! हुकूम ताबडतोब सैल झाला, खास प्रकरणं असतील त्यांना परत पाठवू नका अशा सूचना गेल्या.

त्या दिवशी बाई बावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांना त्या मंत्र्यांच्या पक्षाला मत द्यायचा किंवा न द्यायचाही अधिकार नव्हता.

तर प्रश्न असा. आमच्या इथल्या महिला मंडळाची व्याख्यानमाला आहे, विषय ‘राजकारणातल्या बायका’. मी कुर्त्सबाईंचं नाव दिलं. संयोजक ताई म्हणाल्या, “त्या समाजसेविका, राजकारणी कुठे? घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या आपल्याकडे कमी आहेत का? दुसरं नाव द्या.” मला ते झोंबलंय. तुम्हाला काय वाटतं?

---

अबोली२१

बापरे १९७१?? माझी आई जन्माला आली होती तेव्हा. वाचतेय, अजून लिहा.

---

टिचकी

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, कुठल्याही पदावर नाहीत, पण नळाला पाणी आलं नाही की नगरसेवक त्यांना बघून रस्ता बदलतो. त्यांना समाजसेविका म्हणून बघा, त्या तुम्हाला सांगतील राजकारण कशाला म्हणतात ते. :)

शेवंतीताई, माझं मत ‘हो’ला.

---

कोरडवाहू

लेख चांगला आहे पण मी असहमत. भावनेच्या भरात शब्दाचा अर्थ पातळ करू नये असं मला वाटतं. राजकारणी म्हणजे जो सत्तेसाठी उभा राहतो, निवडून येतो किंवा पडतो, आणि घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी घेतो. कुर्त्सबाई थोर होत्या, वादच नाही. पण त्यांनी विनंती केली आणि मंत्र्याने ऐकली. उद्या मंत्र्याने नाही ऐकलं असतं तर? आणि खरं तर पुढे नाहीच ऐकलं. पुढच्याच रविवारी, ३० ऑगस्टला, याच फॉन श्टायगरनी झुरिकच्या ओर्लिकॉनमध्ये भाषण केलं, त्यात देशाला भरून गेलेल्या छोट्या जीवरक्षक नावेची उपमा दिली, ‘नाव भरली आहे’ हा वाक्प्रचार तिथून रूढ झाला. डिसेंबरच्या शेवटी नियम पुन्हा आवळले. ज्यूंना निर्वासित म्हणून सरसकट घ्यायला १९४४ चा जुलै उजाडला.

दुसरं, त्या काळच्या स्विस लोकांची बाजूही बघा. चाळीस-बेचाळीस लाखांचा देश, चहूबाजूंनी जर्मनी आणि इटलीचा वेढा, शहरातल्या बागा आणि चौक नांगरून बटाटे लावलेले, सगळ्याला रेशन कार्ड. एवढं असून युद्धकाळात पन्नास हजारांच्या वर नागरी निर्वासित त्यांनी ठेवून घेतले. घरात बसून आज न्याय करणं सोपं आहे.

---

शेवंती

@कोरडवाहू, तुम्ही दिलेले तपशील बरोबर आहेत आणि मी ते मुद्दाम लपवले नव्हते, पोस्ट लांबत होती म्हणून राहिले. पण २३ ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत चार महिने होतात. त्या चार महिन्यांत जी माणसं आत आली ती आली. त्यांच्यासाठी तो निर्णय ‘तात्पुरता’ नव्हता.

आणि बटाट्याचं म्हणाल तर नाव भरली असं सांगणारा माणूस पोटभर जेवलेला होता, हे त्या काळच्या स्विस लोकांनीच त्याला सुनावलंय. कितीतरी कुटुंबांनी निर्वासितांना स्वतःच्या घरी ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती. झुरिकचे पाद्री पाउल फोग्ट यांनी त्यासाठी मोहीमच चालवली. म्हणजे लोक तयार होते.

---

बर्नवासी

धाग्याचं नाव वाचून उडी मारून आलो. सात वर्षं इथेच आहे.

@अबोली२१ एवढा उशीर का, तर इथे घटनेत बदल करायचा म्हणजे जनमत घ्यावं लागतं. आणि बायकांना मत द्यायचं की नाही हे ठरवायला मत कोण देणार? फक्त पुरुष! १ फेब्रुवारी १९५९ ला विचारलं तर ६७ टक्के पुरुषांनी ‘नाही’ सांगितलं. बारा वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा ६५.७ टक्के ‘हो’. मधल्या काळात बायकांनी काय काय केलं नाही... १९२८ साली इथे बर्नमध्ये बायकांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, साफा नावाचं, त्याच्या मिरवणुकीत त्यांनी चाकांवर एक भलीमोठी गोगलगाय ओढत नेली होती. आपल्या मताच्या हक्काचा वेग दाखवायला. ती गोगलगाय निघाली तेव्हा कुर्त्सबाई अडतीस वर्षांच्या होत्या, आणि मत मिळालं तेव्हा एक्क्याऐंशीला महिनाभर कमी. म्हणजे ती गोगलगाय आणखी त्रेचाळीस वर्षं चालत होती.

१ मार्च १९६९ ला एमिली लीबरहेर या बाईंनी संसदेसमोर मोर्चा आणला, लाल कोट घालून भाषण केलं आणि सरकारचा माणूस बाहेर येईना म्हणून हजारो बायकांनी शिट्ट्या वाजवल्या. त्या चौकात आता फरशीतून २६ कारंजी उडतात, एकेका कँटनचं एकेक, उन्हाळ्यात माझी पोरगी त्यात भिजत असते. मी तिला सांगितलंय इथे बायका शिट्ट्या वाजवत उभ्या होत्या. तेव्हापासून तिला शिट्टी हवीये.

---

चकलीचा_सोऱ्या

घ्या घेऊन तिला शिट्टी! चांगली मोठ्या आवाजाची.

---

जुनी_वही

शेवंतीताई, संयोजकांना दुसरंच नाव हवं असेल तर एक सुचवते, कारण त्यात तुमचे दोन्ही मुद्दे एकत्र येतात, राजकारणही आणि निर्वासितांची बाजू घेणंही. एलिझाबेथ ब्लून्शी. १९२२ साली श्वीत्स कँटनमध्ये जन्म, ज्या कँटनवरून देशाला नाव पडलं तेच हे. शिक्षण कायद्याचं, नवऱ्याबरोबर वकिली, तीन मुलं. कॅथलिक, बाण्याने जुन्या वळणाची, पण बायकांच्या हक्काला ठाम. ऑक्टोबर १९७१ मध्ये, बायकांना मत मिळाल्यावरच्या पहिल्याच निवडणुकीत, राष्ट्रीय परिषदेवर (खालचं सभागृह, २०० जागा) निवडून आल्या.

आता गंमत बघा, गंमत कसली, अंगावर काटा येतो. त्या फेब्रुवारीत देशाने ‘हो’ म्हटलं पण श्वीत्सच्या पुरुषांनी बहुमताने ‘नाही’ म्हटलं होतं. कँटनच्या कारभारात तिथल्या बायकांना मत मिळालं १९७२ मध्ये. म्हणजे ब्लून्शीबाई देशाचे कायदे करायला बर्नला जाऊन बसल्या तेव्हा स्वतःच्या कँटनच्या निवडणुकीत त्या मत देऊ शकत नव्हत्या!!

१९७७ मध्ये त्या सभागृहाच्या अध्यक्ष झाल्या, स्वित्झर्लंडच्या इतिहासात पहिली बाई त्या खुर्चीवर. मतदानाला फक्त सहा वर्षं झाली होती. कॅरिटास ही जी मोठी कॅथलिक मदत संस्था आहे, निर्वासितांचं प्रचंड काम करते, तिचं स्वित्झर्लंडचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. आणि सगळ्यात चिवटपणे लढल्या त्या लग्नाच्या कायद्यासाठी. तिथे १९८७ संपेपर्यंत नवरा हा कायद्याने कुटुंबप्रमुख, कुठे राहायचं ते तो ठरवणार, बायकोने नोकरी करायची तर त्याची संमती. सप्टेंबर १९८५ मध्ये जनमत झालं, ५४.७ टक्क्यांनी नवा कायदा पास. पुरुषांवर सोपवलं असतं तर पडला असता, बायकांच्या मतांनी तारला. २०१५ मध्ये गेल्या, ब्याण्णव वर्षांच्या होऊन.

---

अबोली२१

थांबा थांबा. नोकरीला नवऱ्याची संमती, १९८७ पर्यंत?! आणि आम्ही हनिमूनचे फोटो बघून समजायचो की तिथे सगळं आलबेल.

---

शेवंती

@अबोली२१ अगं हो. खालच्या आजींनी सांगितलं, बँकेत स्वतःच्या नावाने खातं उघडायचं होतं तर साहेबाने विचारलं, “मिस्टर आले नाहीत का?” त्या तशाच परत आल्या आणि कित्येक वर्षं पैसे लोणच्याच्या... म्हणजे ते काकडीचं व्हिनेगरमधलं असतं ना, त्याच्या रिकाम्या बरणीत ठेवले. बरणी अजून आहे त्यांच्याकडे, ओट्यावर. आता त्यात लाकडी चमचे असतात. आमची आजी तांदळाच्या डब्यात ठेवायची.

@जुनी_वही किती सुंदर लिहिलंत! ब्लून्शीबाई मला माहीत नव्हत्या. व्याख्यानात घेणारच. पण कुर्त्सबाईंच्या ‘ऐवजी’ नाही घेणार.

---

शिस्तीतला_फौजी

थोडं अवांतर पण स्विस आणि मराठी म्हटल्यावर राहवत नाही. परमवीर चक्राचं डिझाइन ज्यांनी केलं त्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने मराठी नव्हत्या. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये नशातेल गावी जन्म, वडील हंगेरियन, आई रशियन, नाव ईव्ह इव्हॉन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्यावर जीव जडला, हिंदुस्थानात आल्या, १९३२ मध्ये लग्न. मराठी, संस्कृत शिकल्या, महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पदकावर इंद्राचं वज्र आहे, चारही बाजूंना, दधीची ऋषींनी हाडं दिली त्या कथेवरून, हे त्या बाईंना सुचलं. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी आणि शहीद जवानांच्या कुटुंबांसाठी त्यांनी काम केलं हे फार कमी लोकांना माहीत असतं. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळालं, ते सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर.

त्यामुळे स्वित्झर्लंडमधल्या बायकांनी निर्वासितांसाठी काय केलं याचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो.

---

बर्नवासी

@शिस्तीतला_फौजी वा, नशातेल! हेच गाव टिलो फ्राय यांचं. १९७१ मध्ये निवडून आलेल्या पहिल्या बायकांपैकी एक, आई कॅमेरूनची, वडील स्विस, स्विस संसदेतली पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. गावातल्या विद्यापीठाजवळच्या चौकाला आधी लुई आगासी या शास्त्रज्ञाचं नाव होतं, काळ्या लोकांना कमी दर्जाचं मानणारे विचार होते त्यांचे. २०१९ मध्ये ते नाव काढून चौकाला टिलो फ्राय यांचं नाव दिलं. मी मुद्दाम जाऊन पाटी बघून आलो.

पाटीवरून आठवलं, संसदेत फुकट गाइडेड टूर असते, आम्ही पाहुणे आले की नेतो. पहिल्या बायका ज्या बाकांवर बसायच्या तिथे आता त्यांच्या नावाच्या छोट्या धातूच्या पट्ट्या लावल्यात. बोटाएवढी पट्टी असते, सांगितलं नाही तर दिसत पण नाही. सासूबाईंनी खाली वाकून पदराने पुसली होती एक.

---

उल्हासनगरवाली

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

माझं माहेर सिंधी. आजोबा-आजी कराचीहून बोटीने मुंबईला उतरले आणि कल्याणच्या लष्करी छावणीत आणून ठेवले गेले. तेच पुढे १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. बराकीत मध्ये गोणपाटाचे पडदे लावून एका खोलीत चार कुटुंबं. मी मराठी शाळेत शिकले, लग्न मराठी घरात झालं, म्हणून हे मराठीत लिहू शकतेय. आमच्या घरात ‘शरणार्थी’ हा शब्द कुणी उच्चारलेला आजोबांना चालायचा नाही, म्हणायचे आम्ही शरणार्थी नाही, पुरुषार्थी.

आजी एका बाईबद्दल सांगायची. छावणीत टेबल टाकून बसायची, लोकांचे अर्ज लिहून द्यायची. नाव आजीला शेवटपर्यंत कळलं नाही, “पांढऱ्या साडीवाली मराठी बाई” एवढंच. आजीचा रेशनचा अर्ज दोनदा परत आला होता कारण त्यावर ‘अमक्याची बायको’ असं लिहिलेलं. त्या बाईने विचारलं, तुझं नाव काय? आजी म्हणायची कराची सोडल्यापासून मला पहिल्यांदा कुणीतरी नाव विचारलं. आजीने सांगितलं, बाईने लिहिलं, तिसऱ्यांदा अर्ज मंजूर झाला.

ती बाई निवडून आलेली नव्हती, मंत्री नव्हती, काही नव्हती. पण आमच्या घरात सरकार म्हणजे काय असं विचारलं की आजी तिचं वर्णन करायची. म्हणून माझं मत शेवंतीताईंच्या बाजूने. विनंती करणं आणि कागद हलवणं यात फरक असतो, तो कागदाच्या या बाजूला उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

---

चकलीचा_सोऱ्या

@उल्हासनगरवाली ताई, डोळ्यात पाणी आणलंत. लिहीत जा.

---

जुनी_वही

‘अमक्याची बायको’वरून, आपल्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी अगदी हेच झालं होतं. १९५१-५२ ला मतदार यादी करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको असं सांगितलं. सुकुमार सेन निवडणूक आयुक्त होते, त्यांनी ठरवलं की नाव नाही तर नोंद नाही. सुमारे २८ लाख बायका यादीतून वगळल्या गेल्या. मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत झालं हे. पण दबाव आला तरी त्यांनी नियम सोडला नाही, पुढच्या वेळी बायकांनी नावं सांगितली.

---

पंचगंगा

कोल्हापूरवाले अजून कसे आले नाहीत धाग्यावर असं वाटत असेल तर आलो!

वळिवडे. १९४३ ते ४८ या काळात पाचएक हजार पोलिश निर्वासित आमच्या वळिवड्याला राहिले, बहुतेक बायका आणि पोरं. सैबेरियातून इराणमार्गे आलेली माणसं. त्यांची शाळा, चर्च, थिएटर सगळं तिथे होतं. आमचे आजोबा सायकलवरून दूध घालायचे छावणीत, म्हणायचे त्या पोलिश बायका “दादा, दूध पातळ हाय” असं खणखणीत मराठीत सुनवायच्या. कुठल्या घासाघीशीला हटायच्या नाहीत. महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे, त्या काळची लहान पोरं म्हातारी होऊन पोलंडहून यायची बघायला.

आता गंमत अशी की तिकडे युरोपच्या मधोमध एवढा श्रीमंत देश नाव भरली म्हणतोय आणि त्याच वेळी इकडे आमच्या ऊसाच्या मळ्याशेजारी पाच हजार माणसं राहतायत. @कोरडवाहू राव, रेशन आपल्याकडे पण होतं की.

---

कोरडवाहू

@पंचगंगा मुद्दा मान्य. पण तिथे शेजारी हिटलर बसला नव्हता, हेही धरा.

@उल्हासनगरवाली तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी माझं म्हणणं थोडं बदलतो. ‘राजकारणी’ हा शब्द मी अजूनही कुर्त्सबाईंना लावणार नाही, कारण माझ्या मते त्यांचं मोठेपण त्यातच आहे की त्यांना तो शब्द उपलब्धच नव्हता. निवडणुकीला उभं राहायची वाटच बंद. त्या दृष्टीने त्यांना राजकारणी म्हटलं तर त्या काळच्या व्यवस्थेने केलेला अन्याय झाकला जातो. लोक म्हणतील, बघा, मत नसूनही बाई काम करू शकत होत्याच की, मग मत कशाला हवं. १९५९ मध्ये नाही म्हणणाऱ्या पुरुषांचा युक्तिवाद हाच होता.

---

शेवंती

@कोरडवाहू हा मुद्दा मला खरंच सुचला नव्हता. विचार करतेय. मी शाळेत असते तर तुम्हाला पहिल्या बाकावर बसवलं असतं.

पण तरी एक विचारते. फॉन श्टायगर त्या हुकुमाला जबाबदार होते ना? त्यांना आपण बिनदिक्कत राजकारणी म्हणतो. मग त्यांचा हुकूम ज्यांनी हलवला त्यांना काय म्हणायचं? नुसती आई? ‘निर्वासितांची आई’ हे बिरुद लोकांनी प्रेमाने दिलं, मान्य, आपण नाही का सिंधुताईंना माई म्हणायचो. पण मला शंका येते की आई म्हटलं की तिची बुद्धी, तिने केलेली आखणी सगळं मायेच्या खाती जमा होतं. मंत्र्याला सुट्टीच्या ठिकाणी गाठायचं, म्हणजे मधले अधिकारी टाळायचे, सोबत बाझलचा ज्यू बँकर घ्यायचा, आकड्यांऐवजी माणसं समोर ठेवायची. ही डोक्याने केलेली गोष्ट आहे.

---

टिचकी

मधले अधिकारी टाळणे हा मुद्दा भारी आहे. आमच्या मावशी पण नगरसेवकाला ऑफिसात नाही गाठत, त्याच्या आईकडे हळदीकुंकवाला जाऊन सांगतात.

---

बर्नवासी

अधिकाऱ्यांवरून, मधला अधिकारी म्हणजे हाइन्रिश रोथमुंड, परराष्ट्रीयांच्या खात्याचा सर्वेसर्वा. १९३८ मध्ये जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’चा शिक्का सुरू झाला तो स्विस आणि जर्मन अधिकाऱ्यांच्या वाटाघाटींतूनच. आणि ज्या अधिकाऱ्याने नियम मोडून माणसं आत घेतली, सेंट गॅलनचे पोलीस प्रमुख पाउल ग्र्यूनिंगर, त्यांना १९३९ मध्ये नोकरीतून काढलं, पेन्शन गेली, १९७२ मध्ये गरिबीत वारले. कोर्टाने निर्दोष ठरवलं १९९५ मध्ये. कुर्त्सबाई पण १९७२ च्याच जूनमध्ये गेल्या, जिथे जन्मल्या त्या लुट्झेनबर्गलाच.

युद्धकाळात किती जणांना सीमेवरून परत पाठवलं यावर इथे अजून वाद आहे. सरकारने नेमलेल्या बर्जिए आयोगाने सुमारे २४ हजार असा अंदाज दिला, काही इतिहासकार तो जास्त आहे म्हणतात. पण वाद आकड्यावर आहे, घडलं यावर नाही.

@शेवंती काकू, तुमच्यासाठी आणखी एक. कुर्त्सबाईंचं जन्मगाव ज्या कँटनमध्ये आहे त्या आउसररोडनने कँटनच्या कारभारात बायकांना मत कधी दिलं माहितीये? १९८९! मोकळ्या मैदानात हात वर करून मतदान व्हायचं, फक्त पुरुषांचं. शेजारच्या इनररोडनला तर १९९० मध्ये कोर्टाने भाग पाडलं.

---

अबोली२१

१९८९ ला मी दुसरीत होते. आता मी या धाग्यावरून उठणार नाही.

---

शिस्तीतला_फौजी

युद्ध संपल्यावर कुर्त्सबाईंनी काय केलं? मला त्यात रस आहे, कारण युद्धात बरेच जण धावतात, नंतर पांगतात.

---

शेवंती

@शिस्तीतला_फौजी नाही थांबल्या. सुरुवातीला त्या ज्या चळवळीत होत्या ती एत्येन बाख नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याची. १९२३ मध्ये फ्रेंच सैन्य जर्मनीत रूर भागात होतं, गुड फ्रायडेला हा अधिकारी आणि तिथला जर्मन महापौर, एकमेकांचे वैरी, चर्चमध्ये एकाच वेळी प्रसाद घ्यायला पुढे आले, शेजारी शेजारी. त्या प्रसंगातून ती चळवळ निघाली. युद्धानंतर त्यातूनच ‘ख्रिस्ती शांतिसेवा’ अशा अर्थाची संस्था उभी राहिली, कुर्त्सबाई तिचा प्राण होत्या. ती आजही चालू आहे, आता नाव ‘फ्रीडा’, बायकांच्या हक्कांवर आणि शांततेवर काम करते. १९५८ मध्ये झुरिक विद्यापीठाने बाईंना मानद डॉक्टरेट दिली, तीही धर्मशास्त्राची.

आणि शरणार्थींचं म्हणाल तर १९५६ ला हंगेरीहून, १९६८ ला चेकोस्लोव्हाकियातून हजारो माणसं आली, १९६३ मध्ये सरकारने एक हजार तिबेटी लोकांना घ्यायचं ठरवलं. लेकीने मला रिकोनला नेलं होतं, तिथे भांड्यांच्या कारखान्याने तिबेटी लोकांना काम आणि राहायला घरं दिली, वर टेकडीवर मठ आहे. एक म्हाताऱ्या तिबेटी बाई जपमाळ ओढत बसल्या होत्या, माझी साडी बघून म्हणाल्या, “इंडिया?” आणि हिंदीत बोलायला लागल्या! परदेशात इतकं मोकळं मला दुसरीकडे कुठे वाटलं नाही.

---

जुनी_वही

शेवंतीताई, तुम्ही आणि कोरडवाहू दोघांचं एकत्र करता येईल असं वाटतं. राजकारणी म्हणा किंवा नका म्हणू, पण कुर्त्सबाई आणि ब्लून्शीबाई एकापाठोपाठ ठेवा. एकीला दार बंद होतं म्हणून ती डोंगर चढून मंत्र्याकडे गेली. दुसरी त्याच सभागृहात अध्यक्षाच्या खुर्चीत बसली. मध्ये जेमतेम पस्तीस वर्षं.

---

कोरडवाहू

अनुमोदन. आणि मंडळाच्या ताईंना सांगा की विरोधात बोलायला एक माणूस हवा असेल तर मी येतो, सातारा मला लांब नाही.

---

शेवंती

या की! चहा आणि कंदी पेढे माझ्याकडून.

आज संयोजक ताईंशी फोनवर बोलले. तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले, उल्हासनगरवालीचा वाचताना त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ठेवा कुर्त्सबाईंचं नाव, पण विषयपत्रिकेत काय छापू ते तुम्ही सांगा. मी म्हटलं ‘राजकारणातल्या बायका’ याखाली नुसतं नाव छापा, पुढे कंसात काही नको.

आणि जाता जाता. मी तिकडे होते तेव्हा एकदा मतदान आलं, तिथे वर्षातून तीन-चारदा असतं आणि पाकीट पोस्टाने घरी येतं. बर्फ पडला होता, रस्ता निसरडा, लेक आजींना म्हणाली, पाकीट द्या, मी ऑफिसला जाताना पेटीत टाकते. आजींनी मान हलवली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून शाईपेनाने दोन्ही प्रश्नांची उत्तरं लिहिली, कार्डावर सही केली, पाकीट जिभेने ओलं करून चिकटवलं, तळहाताने दाबून धरलं. मग बूट घातले, ते दोन काठ्या घेऊन चालतात ना तिकडे, त्या घेतल्या, आणि निघाल्या. मी गॅलरीतून बघत होते. कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत जायला त्यांना वीस मिनिटं लागली.

---

बर्नवासी

काकू, व्याख्यानाचं रेकॉर्डिंग इथे टाका. मुलीला ऐकवायचंय. शिट्टी घेतली तिला, लाल रंगाची.